चौथीतल्या मुलाला वाचता येत नाही. राज्यसेवेचा अभ्यास सोडू का?

सज्जावाली (धागाकर्ती)
१९ जुलै २०२५, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यात तलाठी आहे. पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी लिहिलंय, पण लोकांच्या तोंडी तलाठीबाईच. माझा एक सज्जा (तलाठ्याकडे असलेली गावं) आणि शेजारच्या सज्ज्याचा अतिरिक्त पदभार. राहतो तालुक्याला. मिस्टरांचं कृषी केंद्र आहे, गावी आठ एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलगा चौथीत आहे, तालुक्यातल्याच एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत.

पोरगा बोलायला चुरूचुरू. दुकानात बसला की दोन पोती युरिया, एक डीएपी, वरून औषधाची बाटली, सगळा हिशेब तोंडी करतो. तोच हिशेब पेपरात शाब्दिक उदाहरण म्हणून आला की जागा कोरी. मराठीत ‘घर’ लिहायला सांगितलं तर ‘धर’ लिहितो. वेलांटी कधी अलीकडे, कधी पलीकडे, कधी गायबच. इंग्रजीत बी आणि डी ची अदलाबदल अजून चालूच. घटक चाचणीत परिसर अभ्यास सोडला तर सगळीकडे लाल शेरे.

पालकसभेत बाई चारचौघांत म्हणाल्या, ‘मदर वर्किंग आहेत ना, घरी लक्ष द्यायला कोणी नसेल.’ सासूबाईंचं म्हणणं, ‘तुझ्या परीक्षेपायी लेकरू वाया चाललं.’ मिस्टर भांडत नाहीत, पण त्यांचं उत्तर एकच, अजून एक शिकवणी लाव. एक आहेच. तिथे एका खोलीत तीस पोरं बसतात.

आता माझं. मी राज्यसेवेचा अभ्यास करतेय. लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे काही नाही. सहीसाठी फाइल घेऊन तहसीलदारांच्या दालनाबाहेर बाकावर बसते, आतली खुर्ची दिसते, आणि वाटतं की हे काम आपल्यालाही जमलं असतं. पहाटे साडेचारला उठते, साडेसहापर्यंत वाचते. पूर्व परीक्षा २८ सप्टेंबरला आहे. वयोमर्यादा अगदी तोंडावर आली आहे आणि मुख्य परीक्षा यंदापासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे लिहिण्याचा सराव नव्याने. संध्याकाळी मुलाला घेऊन बसायचं ठरवते, पण पावसाळ्यात आमचं काय असतं ते या जिल्ह्यातल्यांना सांगायला नको. नाल्याला पूर आला की पंचनामे, त्यात ई-पीक पाहणी.

विचारायचं एवढंच. परीक्षा सोडून त्याच्यामागे लागू? शाळा बदलू? की हे आपोआप सुटेल?

संत्र्याची_फोड

धागा वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. बाप दुकानात, आजी घरात, आई सज्ज्यावर, आणि लक्ष न देण्याचा ठपका फक्त आईवर? सभेत त्या बाईंना विचारायचं होतं, फादर पण वर्किंग आहेत, त्यांचं काय?

परीक्षा सोडू नका. सविस्तर नंतर लिहिते, निंदणाला बाया आल्यात.

गुरुजी_मेहकर

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवण्यात नोकरी गेली. सल्ला देण्याआधी तीन-चार गोष्टी विचारतो.

डोळे आणि कान तपासले का? फळ्यावरचं दिसत नाही म्हणून ‘ढ’ ठरलेली पोरं मी बघितली आहेत. चष्मा लागला आणि दोन महिन्यांत गाडी रुळावर.

दुसरं, तो वाचतो की पाठ म्हणतो? एक करून बघा. धडा वाचायला सांगा. घडाघडा म्हणाला तर थांबवा, पानाच्या मधल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवा आणि ‘हा कोणता?’ विचारा. मग तोच धडा खालून वर, शब्दाशब्दाने विचारा. हुशार मुलं ऐकून ऐकून अख्खा धडा पाठ करतात, पान उलटायची जागासुद्धा त्यांना ठाऊक असते. शिक्षकाला वाटतं, येतंय.

तिसरं, तुम्ही गोष्ट वाचून दाखवली तर समजते का? प्रश्नांची उत्तरं तोंडी देतो का? ऐकून सगळं कळतं आणि छापील अक्षरावरच गाडं अडतं, असं असेल तर विषय अभ्यास कमी पडण्याचा नाही. तिथे तज्ज्ञ लागतो.

आणि घाबरवण्यासाठी नाही, माहिती म्हणून. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाला तर पुनर्परीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. पूर्वीसारखं आठवीपर्यंत सगळे वर, असं आता नाही. तुमचा चौथीत आहे, म्हणजे हाती वेळ आहे, पण ‘आपोआप सुटेल’ म्हणून बसण्याइतका नाही.

पुसदकर_हल्ली_पुणे

इथे पुण्यात अशा मुलांसाठी बरीच केंद्रं आहेत, समुपदेशक आहेत. तालुक्याच्या गावी काय मिळणार? नागपूर नाहीतर पुण्याकडे बदली घ्या. आम्ही मुलांसाठीच गाव सोडलं.

सज्जावाली

@पुसदकर, आंतरजिल्हा बदली घेतली की ज्येष्ठता जाते, नव्या जिल्ह्यात यादीच्या तळाशी. दुकान आणि आठ एकर काय पिशवीत घालून नेऊ? पुण्याला जाणं हा उपाय नाही, ती वेगळीच जिंदगी झाली.

@गुरुजी, आजच करून बघितलं. धडा धडधड म्हणाला. मधल्या शब्दावर बोट ठेवलं तर माझ्या तोंडाकडे बघत बसला. मग हळूच ओळीच्या सुरुवातीपासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत आला आणि सांगितला! मला हसावं की रडावं कळेना. गोष्ट वाचून दाखवली तर मात्र सगळं कळतं, उलट मलाच प्रश्न विचारतो. डोळे-कान तपासलेले नाहीत.

आक्काबाई_अचलपूर

मुली, मी निवृत्त आहे, वय ७१. इथे सगळे ‘सोडू नको’ म्हणतील, मी उलट सांगते, राग मानू नकोस.

परीक्षा दोन वर्षं बाजूला ठेव. नोकरी सोड म्हणत नाही, नोकरी हाताशी आहेच. पहाटेचे ते दोन तास मुलाचे कर. तहसीलदार होशील तेव्हा तो सहावी-सातवीत असेल आणि तुझी बदली कुठे झाली असेल कोण जाणे. अधिकाऱ्यांची मुलं आजोळी वाढलेली मी बघितली आहेत, सगळी बिघडत नाहीत, पण सगळी सुधारतही नाहीत. हाव वाईट नसते, वेळ चुकीची असते. तुझ्या सासूचं बोलणं टोचलं असेल, पण ती रोज त्या लेकराचं तोंड बघते.

संत्र्याची_फोड

आक्का, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पहाटे साडेचारला चौथीतलं पोर उठवून अभ्यास घ्यायचा का? ते दोन तास मुलाच्या उपयोगाचेच नाहीत. ती झोपायच्या वेळेत अभ्यास करते, मुलाच्या वेळेत नाही.

आक्काबाई_अचलपूर

पहाटे अभ्यास करणारी बाई रात्री आठला पेंगते, बाई. ते गणितही मांड.

(हा मुद्दा बरोबर आहे, मान्य.  – संत्र्याची_फोड)

पाटीलसाहेब_६५

आजकालच्या बायकांना पद पाहिजे, पगार पाहिजे आणि मूलही पहिलं आलं पाहिजे. आमच्या आईने सात जणांना

[उरलेला मजकूर संपादकांनी काढला आहे. धाग्याच्या विषयाला धरून लिहावे.]

बाप्पा_रे

ताई, मी वाशीम जिल्ह्यातला शेतकरी. लिवाले टाइम लागते मले, तरी लिहून रायलो.

माही बायको आशा वर्कर हाय. माह्या पोरीचं पण असंच होतं. तिसरीत होती तवा कळलं. गावातले लोक म्हनत, माय दिवसभर घरोघर फिरते, पोरीकडे कोन पायते? आता मले सांगा, मी त घरीच होतो ना बाप्पा! वावरातून चार वाजता येऊन ओट्यावर बसत होतो. माह्याकडे एकानंबी बोट दाखवलं नाई. मी घरी असूनबी मी मोजल्याच गेलो नाई.

मंग एक शिक्षक येत होते शाळेत, हप्त्यातून एकखेप, अशा लेकरायसाठी. त्यायनं सांगतलं, रोज पंधरा-वीस मिन्टं, जास्त नाई, पन रोज. बायको थकून येते, मंग मीच बसलो. मी आठवी शिकेल. ताटात रवा पसरवाचा, बोटानं अक्षर काढाचं अन् काढता काढता त्याचा आवाज काढाचा. घ. ध. दोन्हीत फरक कुठं हाय ते बोटाले कळलं पायजे म्हने. पयल्या दिवशी माही माय म्हने, काय रे, रव्याची नासाडी.

जोडाक्षर आलं का मीबी अटकत होतो. मी अटकलो का ती हासे. तिले बरं वाटे का बापालेबी येत नाई. आता सातवीत हाय. हळू वाचते, पन वाचते. पेपर पुरा होत नाई अजून, त्याच्यासाठी कागद काहाडून रायलो.

तुमच्या मालकाले हे वाचाले द्या. कपाशीले खत कधी पायजे ते त्यायले कळते, लेकराले काय पायजे तेबी कळन.

गुरुजी_मेहकर

बाप्पाभाऊ, दंडवत. धागा इथेच बंद केला तरी चालेल इतकं नेमकं लिहिलंत.

सिस्टरबाई

मी ग्रामीण रुग्णालयात आहे, कामाचं तेवढं लिहिते.

लक्षणांवरून अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन किंवा गणित अडणं) असू शकते असं वाटतं. पण इंटरनेटवर वाचून कोणी ठरवू नये, मीसुद्धा नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत, त्यात ही विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. मूल आठ वर्षांचं झालं की तपासणी होऊ शकते. आधी डोळे, मग कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, अशा क्रमाने जातात. बुद्ध्यांक बघतात तो मूल मंद आहे का ते ठरवायला नाही. बुद्धी चांगली असूनही वाचन अडतंय, हे दाखवण्यासाठी तो लागतो. एका दिवसात उरकत नाही, फेऱ्या होतात.

सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रापासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वयाच्या मुलांसाठी ते असतं. त्याच कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी-अनुदानित शाळांत तपासणीला जातात. तुमचा मुलगा खाजगी इंग्रजी शाळेत आहे, तिथे पथक जात नाही, म्हणून कोणाच्या नजरेत आला नसेल. गावच्या जिल्हा परिषद शाळेत असता तर कदाचित आधी सापडला असता. फी भरून हे एक आपण गमावतो.

पुढच्या चाचण्यांसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. यवतमाळला आहे, अकोल्याला आहे, नागपूरला आहे. जाण्याआधी फोन करून विचारा की मानसशास्त्रज्ञ आहेत का आणि कोणत्या वारी भेटतात. पद रिकामं असलं की फेरी वाया जाते. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करायचा. यावर औषध-गोळी नाही. कोणी टॉनिक नाहीतर ब्रेनच्या गोळ्या लिहून दिल्या तर तिथून उठा.

दुसरं तुमच्यासाठी. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बाल संगोपन रजा आहे, जुलै २०१८ चा शासन निर्णय. संपूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने, आणि तुकड्यांत घेता येते. लोकांना वाटतं ती बाळंतपणानंतरच संपवायची. तसं नाही, मुलाच्या परीक्षेसाठी नि आजारपणासाठीही आहे. ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करणाऱ्याच्या हातात असते, हेही सांगून ठेवते.

बाप्पा_रे

अन् बापाले?

सिस्टरबाई

पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. बाकी बापांना नाही, भाऊ. तुमचा ओटाच बरा.

फिरती_बाई

मी समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षिका आहे, गट साधन केंद्राला. बाप्पाभाऊंकडे जे शिक्षक येत होते, त्याच जमातीतली. कागदावर आम्ही प्रत्येक शाळेत जातो, प्रत्यक्षात एकीकडे तालुका केवढा आणि माणसं किती, ते बघा.

एक मुद्दा कोणी काढला नाही. या मुलाच्या घरात मराठी, तीही वऱ्हाडी. शाळेत इंग्रजी. शिकवणीत हिंदी मिसळून. त्याचं वाचन अडतंय ते अक्षमतेमुळे की न समजणाऱ्या भाषेमुळे, हे इंग्रजी शाळेतले पेपर बघून कळूच शकत नाही. माझ्या तालुक्यात कोलाम पोडांवरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरची मुलं आहेत. घरी कोलामी बोलतात, पहिलीत एकदम मराठी पुस्तक हातात येतं. त्यांच्यावर सर्रास ‘मंद’ असा शेरा मारलेला असतो. त्यांतल्या बहुतेकांना काहीही झालेलं नसतं, फक्त शिक्षकाला त्यांची भाषा येत नसते.

सज्जावालीताईंच्या मुलाचं ‘घर-धर’ मात्र मराठीतही होतंय आणि मराठी त्याची स्वतःची आहे. म्हणून मला तपासणी गरजेची वाटते. तपासणी मराठीत करून घ्या, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. देवनागरीत जे अक्षर दिसतं तेच बोलतो, इंग्रजीत तसं नाही. अडखळणाऱ्या मुलाला मराठीतून पाय रोवू द्या, इंग्रजी त्यावर चढवता येते.

घरी करायचं ते असं. जाड पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खिडकी कापा, पुस्तकावर ठेवून सरकवत वाचायला लावा. बाकीचं पान झाकलं की नजर घसरत नाही. तुम्ही वाचा, तो तुमच्यासोबत वाचेल, मग तुमचा आवाज हळू करा. बालभारतीच्या पुस्तकांवरचा क्यूआर कोड मोबाइलवर धरला की दीक्षा ॲप उघडतं, काही धडे ऐकायला मिळतात. तो इंग्रजी शाळेत असला तरी ही पुस्तकं फुकट उतरवता येतात. चूक झाली की लगेच खोडायचं नाही. दहा वेळा लिहून आण ही शिक्षा तर अजिबात नाही, कारण तो दहा वेळा चुकीचंच लिहील.

आणि चारचौघांत अपमान केला म्हणालात ना, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला बंदी आहे. पालकांच्या अपमानाला कलम नाही, दुर्दैवाने.

गुरुजी_मेहकर

माध्यमाबद्दल +१. मराठी शाळेतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि कित्येक जिल्हा परिषद शाळांत सेमी इंग्रजी सुद्धा. ‘मराठी शाळा म्हणजे इंग्रजी बुडालं’ हा समज जुना झाला. पण चौथीच्या मध्यावर काढू नका, मित्र तुटतात. पाचवीला काय ते ठरवा.

अवांतर: कृषी केंद्रवाल्यांची पोरं इंग्रजी शाळेत आणि माझी जिल्हा परिषदेत, यावरून माझ्या घरीही महाभारत झालं आहे. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

पुसदकर_हल्ली_पुणे

मला सगळ्यांनी झोडपलं, ठीक आहे. पण सरकारी यंत्रणेवर इतका विश्वास ठेवून दोन वर्षं फेऱ्या मारण्यापेक्षा खाजगीत दोन आठवड्यांत अहवाल मिळतो. पैसे असतील तर का नाही?

सिस्टरबाई

अहवाल मिळतो, बरोबर. घरी काय करायचं ते कळायला तो पुरतो, आणि जमत असेल तर जरूर घ्या. पण दहावीला बोर्डाच्या सवलती हव्या असतील, म्हणजे वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, तर प्रमाणपत्र अधिकृत सरकारी केंद्राचंच लागतं. दोन्ही रांगा वेगळ्या आहेत.

सज्जावाली
२७ जुलै

सगळे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. आक्का, तुमचा राग नाही आला. उलट तुमचंच बोलणं डोक्यात सर्वांत जास्त फिरत होतं, म्हणून तुम्हालाच उत्तर देते.

मी परीक्षा सोडली तर हातात दोन तास येतील, खरं. पण ते दोन तास मी त्याच्याजवळ कोणत्या तोंडाने बसेन? ‘तुझ्यामुळे सोडलं’ हे मी कधीच बोलणार नाही, पण त्याला कळेल. आमच्या आईने गावच्या शाळेत लागलेली नोकरी आमच्यासाठी सोडली. एकदाही बोलून दाखवलं नाही, तरी आम्हा भावंडांना ते रोज ऐकू यायचं. आणि मी काही शिक्षिका नाही. दोन तास बसून मी त्याला तेच दहा वेळा लिहायला लावलं असतं, जे फिरतीबाई नको म्हणतात.

तुमचा पेंगण्याचा मुद्दा मात्र पटला. अभ्यास साडेचारऐवजी पाचला सुरू करते, आणि रविवारची चाचणी सोडली.

बाप्पाभाऊंचा प्रतिसाद मिस्टरांना मोबाइलवर वाचायला दिला. वाचला, काही बोलले नाहीत. मोबाइल परत देताना म्हणाले, ‘रवा कोणता, जाड की बारीक?’

बाप्पा_रे

बारीक घ्या. जाड बोटाले रुततो.

संत्र्याची_फोड

मी आता रडतेय, निंदणाच्या बाया बघून हसताहेत.

सिस्टरबाई

ताई, झोप उडाली, जीव घाबरा झाला तर टेली मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलाच्या काळजीत आया स्वतःचं बघत नाहीत म्हणून सांगून ठेवते.

निनावी_दर्यापूर
२ ऑक्टोबर

धागा वर काढतेय. पूर्व परीक्षा अतिवृष्टीमुळे २८ सप्टेंबरवरून ९ नोव्हेंबरला गेली ना? सज्जावालीताई, कुठे आहात? माझंही असंच आहे, फक्त मी अंगणवाडी सेविका आहे आणि मुख्य सेविकेच्या (पर्यवेक्षिकेच्या) परीक्षेचं बघतेय.

सज्जावाली

ताई, इथेच आहे, चिखलात. सोयाबीन उभ्याउभ्या सडलं, रोज पंचनामे. परीक्षा पुढे गेली तेव्हा माझ्याबरोबरचे सगळे चिडले, मला मात्र हायसं वाटलं, कारण सप्टेंबरात एक पान वाचून झालं नव्हतं. सविस्तर नंतर.

सज्जावाली
१३ नोव्हेंबर

परीक्षा झाली. पहिला पेपर बरा, सी-सॅटमध्ये (आकलन-बुद्धिमापनाचा दुसरा पेपर) उतारे वाचताना वेळ कमी पडला. उतारा वाचता वाचता मध्येच मुलाची आठवण झाली की त्याला रोज हे असंच होत असणार. असो.

आता मुलाचं. डोळ्यांना थोडा नंबर निघाला, चष्मा आला. सासूबाईंनी लगेच जाहीर केलं, ‘पाहा, डोळेच होते.’ पण चष्मा लावूनही ‘घर’ चं ‘धर’ होतंच. कान ठीक. मेडिकल कॉलेजला दिवाळीआधी सुरुवात केली. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी चाचण्या मराठीतच घेतल्या, मी न सांगता. बुद्धी चांगली, वाचन आणि लेखन दुसरीच्या पातळीवर, असं तोंडी सांगितलं. लेखी अहवाल यायचाय, त्यानंतर प्रमाणपत्राचं.

रजा मी एकदम घेतली नाही. पंचनाम्यात मिळालीही नसती. फेऱ्यांच्या दिवसांपुरती बाल संगोपन रजा टाकली. साहेबांनी आधी ‘मूल तर मोठं आहे’ म्हणून अर्ज बाजूला ठेवला. शासन निर्णयाची प्रत जोडून दिल्यावर सही केली. महसूलवाल्याला कागद दाखवला की काम होतं, हे मला तरी माहीत असायला हवं.

मिस्टर रात्री साडेनऊला दुकान बंद करायचे, आता आठला करतात. खरिपाची गर्दी ओसरली म्हणून जमतंय, रब्बीचं हरभरा बियाणं सुरू झालं की काय होतं ते बघायचं. वीस मिनिटं बसतात. पहिल्या आठवड्यात दोघांची भांडणं झाली, कारण ह्यांचा आवाज दुकानात बोलल्यासारखा चढतो. आता खतांच्या पिशव्यांवरची नावं वाचायचा खेळ काढलाय. कंपन्यांची नावं त्याला तोंडपाठ असल्यामुळे तिथेही तो न वाचताच सांगायचा. मग ह्यांनी पिशवी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचायला लावला!

न ठरवता एक झालं. सासूबाईंना वाचता येत नाही. एक दिवस तो त्यांना खिडकीच्या पुठ्ठ्यातून गोष्ट वाचून दाखवत बसला. त्या चुका काढत नाहीत, कारण त्यांना कळतच नाहीत, नुसत्या ‘हं, मंग?’ म्हणतात. माझ्यासमोर दोन ओळींत घाम फुटतो, तिथे अख्खं पान होतं. सासूबाई अजूनही परीक्षेवरून टोमणे मारतात, ते काही बदललेलं नाही.

शाळेचं म्हणाल तर, प्रमाणपत्र आणा मग बघू, एवढंच. पाचवीला काय करायचं यावर घरात एकमत नाही. मी मराठीच्या बाजूने, मिस्टर म्हणतात पोरं चिडवतील, इंग्रजीतून निघाला म्हणून.

फिरती_बाई

चिडवतील. पण रोज वर्गात उभं राहून न वाचता आल्याने जे होतं, त्यापेक्षा ते लवकर थांबेल. दोघांनी मिळून एखाद्या शनिवारी गावच्या शाळेत जाऊन बसा, वर्ग बघा, मग भांडा.

आक्काबाई_अचलपूर

वाचलं. माझं मत अजून तेच आहे, पण तू ऐकणार नाहीस हे कळलं, आणि तुझा नवरा आठला घरी येतो हे मी धरलं नव्हतं. मुख्य परीक्षेच्या वेळी तालुक्याला घरकामाला बाई मिळाली नाही तर कळव, माझ्या ओळखीतली एक आहे तिकडे.

पुसदकर_हल्ली_पुणे

आक्का, पुण्यातही एक पाठवा.

निनावी_दर्यापूर

सज्जावालीताई, बाल संगोपन रजेचा अर्ज कोणत्या नमुन्यात केला? आणि अंगणवाडी सेविकांना ती लागू आहे का?

सिस्टरबाई

सेविका मानधनावर, त्यामुळे या शासन निर्णयात नाहीत. तुमच्या रजेचे नियम वेगळे, पर्यवेक्षिकेला विचारा. मुलाच्या तपासणीला मात्र तुम्हाला अडचण नाही. बाल स्वास्थ्यचं पथक तुमच्याच अंगणवाडीत येतं ना, पुढच्या वेळी आलं की त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची संदर्भ चिठ्ठी लिहून घ्या. मुलगा कितवीत आहे?

निनावी_दर्यापूर

मुलगी आहे, तिसरीत. आठ वर्षं जानेवारीत पूर्ण होतील.

सिस्टरबाई

मग डोळे-कान आत्ताच करून घ्या, बाकी जानेवारीनंतर. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सज्जावाली

अर्जाचा नमुना तुम्हालाही व्यनि केला आहे, लागू नसला तरी भाषा कामाला येईल. तुमचे मालक काय करतात?

निनावी_दर्यापूर

ट्रॅक्टर चालवतात. त्यांना बाप्पाभाऊंचं वाचून दाखवलं. म्हणे रवा महाग आहे, नांगरलेल्या वावरात काठीनं काढू अक्षरं.

बाप्पा_रे

चालते की. पाऊस यायच्या आंधी करा.